शिफारस झाली, निवड राहिली : सत्तरीतील एका उमेदवाराचे प्रकरण

या प्रकरणातील मुलगी गोव्याच्या सत्तरी तालुक्यातील एका गावची आहे. तिच्या संमतीने हे लिहीत असलो तरी तिचे नाव, गाव आणि महाविद्यालय येथे देत नाही. पदवीनंतर सैन्यात अधिकारी होण्यासाठी तिने केलेले बहुतेक सगळे प्रयत्न मी जवळून पाहिले आहेत, कारण तिच्या महाविद्यालयात एनसीसीचे काम माझ्याकडे होते. त्या प्रयत्नांतल्या एका मोठ्या चुकीत माझाही वाटा आहे आणि तो यथावकाश येईलच.

हे लिहून ठेवावेसे वाटले ते एका शब्दामुळे. गावात तिच्याविषयी ‘एसएसबीत नापास झाली’ असे तीनदा बोलले गेले. एसएसबी म्हणजे सैन्यासाठी अधिकारी निवडणारे मंडळ आणि त्याची पाच दिवसांची चाचणी. तिन्ही वेळा घडले होते ते निरनिराळे होते. पहिल्या खेपेला ती पहिल्याच दिवशी गाळली गेली. दुसऱ्या खेपेला पाच दिवस राहून शिफारशीविना परतली. तिसऱ्या खेपेला तर मंडळाने तिची शिफारस केली होती आणि तरीही ती प्रशिक्षणाला गेली नाही. या तीन घटनांना एकच शब्द लावला की पुढचे पाऊल कोणते टाकायचे हे घरच्यांना कळत नाही, आणि उमेदवारालाही कळेनासे होते.

तिचे वडील पिसुर्ले परिसरातील खाणींवरून खनिज वाहणाऱ्या एका ट्रकचे मालक. २०१२ च्या सप्टेंबरात गोव्यातील खाणी बंद पडल्या तेव्हा ती शाळेत होती. मध्यंतरी काही काळ वाहतूक सुरू झाली आणि सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर मार्च २०१८ मध्ये पुन्हा थांबली. ट्रक अंगणात उभा राहिला, बँकेचे हप्ते मात्र थांबले नाहीत. आई अंगणवाडी सेविका. घरात कोकणी, पहिली ते चौथी मराठी शाळा, पाचवीपासून इंग्रजी माध्यम, आणि घरी येणारे वर्तमानपत्र मराठी. सत्तरी आणि डिचोलीच्या कितीतरी मुलांची हीच जडणघडण आहे, आणि निवड मंडळापुढे तिचा परिणाम दिसतो. मुलाला इंग्रजी समजते, लिहिता येते, पण आठ-दहा अनोळखी उमेदवारांच्या गलबल्यात तोंडातून वाक्य बाहेर पडायला अर्धा क्षण उशीर होतो, आणि तेवढ्यात बोलण्याची पाळी दुसऱ्याने घेतलेली असते.

गोव्यात सैन्य दिसत नाही असे नाही. दाबोळीला नौदलाचा हवाई तळ आहे, बांबोळीला सिग्नल कोअरचे प्रशिक्षण केंद्र आहे, आणि २००९ मध्ये केरळातील एळिमला येथे नवी प्रबोधिनी सुरू होईपर्यंत नौदलाच्या अधिकाऱ्यांची प्रबोधिनी वेरेच्या आयएनएस मांडवीवर होती. जनरल सुनीत फ्रान्सिस रॉड्रिग्ज हे मूळचे गोमंतकीय कुटुंबातले, १९९० ते १९९३ या काळात भूदलाचे प्रमुख होते. एवढे असूनही सर्वसामान्य गोवेकर मुलाला हे तळ म्हणजे बसच्या खिडकीतून दिसणारी लांबलचक भिंत आणि पहारा असलेले फाटक, एवढेच ठाऊक असते. जहाजावर जाणारा, आखाती देशात जाणारा आणि सरकारी खात्यात कारकून होणारा प्रत्येक वाड्यावर सापडतो. लेफ्टनंट झालेला शेजारी सापडत नाही. त्यामुळे चौकशी कोणाकडे करायची इथपासून सुरुवात होते. या मुलीने ती माझ्याकडे केली.

दोन वाटा आणि एक चुकीचा सल्ला

पदवीधर मुलीला भूदलात बिगर-तांत्रिक शाखेत अधिकारी म्हणून येण्याच्या ज्या वाटा आहेत त्यांपैकी दोन तिला खुल्या होत्या. पहिली म्हणजे केंद्रीय लोकसेवा आयोगाची सीडीएस, म्हणजे कंबाइंड डिफेन्स सर्व्हिसेस, ही लेखी परीक्षा. ती वर्षातून दोनदा होते. त्यातून चेन्नईच्या ऑफिसर्स ट्रेनिंग अकॅडमीसाठी, म्हणजे ओटीएसाठी, १९ ते २५ वयोगटातील अविवाहित उमेदवारांना अर्ज करता येतो. ओटीएच्या उमेदवाराला गणिताचा पेपर नसतो. इंग्रजी आणि सामान्य ज्ञान असे शंभर-शंभर गुणांचे दोन पेपर असतात आणि चुकीच्या उत्तराला त्या प्रश्नाचे एक तृतीयांश गुण कापले जातात. दुसरी वाट एनसीसीची विशेष भरती. ‘सी’ प्रमाणपत्र किमान ‘बी’ श्रेणीत असले आणि पदवीला किमान पन्नास टक्के असले की लेखी परीक्षा न देता, छाननीनंतर थेट एसएसबीचे बोलावणे येते. प्रशिक्षण त्याच ओटीएत. तिच्याकडे ‘बी’ श्रेणीचे ‘सी’ प्रमाणपत्र होते आणि बीएस्सीला साठ टक्क्यांच्या वर गुण होते.

२०२२ मध्ये ती पदवीधर झाली तेव्हा मी तिला सांगितले, आधी सीडीएस दे. लेखी परीक्षेने अभ्यासाची शिस्त लागते, एनसीसीची वाट नंतर आहेच. सल्ला शहाणपणाचा वाटत होता, पण चुकीचा होता. या दोन वाटा एकमेकींच्या आड येत नाहीत, दोन्हीकडे एकाच वर्षात अर्ज करता येतो. शिवाय वयाची मर्यादा दोन्हींना सारखीच लागू असल्याने ‘नंतर’ या शब्दाला फारसा अर्थ नसतो. माझ्या सांगण्यामुळे एनसीसी भरतीच्या दोन जाहिराती तिच्या हातून गेल्या. त्या दोन संधींची किंमत किती होती हे तिसऱ्या एसएसबीनंतर कळले.

पणजी केंद्रावर दिलेली पहिली लेखी परीक्षा सामान्य ज्ञानात राहिली. दुसऱ्या खेपेला, २०२३ च्या एप्रिलमध्ये, ती कटऑफच्या जेमतेम वर निघाली. घरी पेढे वाटले गेले. लेखी एकदाची झाली, आता खरी परीक्षा एसएसबीची, असे मीही म्हणालो. हेही पुढे अंगाशी आले.

मध्येच कागदपत्रांचा एक प्रश्न निघाला, तो गोव्याबाहेरच्या वाचकाला किरकोळ वाटेल. आपल्याकडे एकाच आडनावाची रोमन लिपीतली दोन-दोन, तीन-तीन रूपे चालत आलेली आहेत. देसाई एका ‘एस’ने की दोन, नाईक इंग्रजी वळणाने की पोर्तुगीज, हे जन्म नोंदवणाऱ्या कारकुनावर अवलंबून असे. तिच्या जन्मदाखल्यावर एक रूप, दहावीच्या प्रमाणपत्रावर दुसरे आणि एनसीसीच्या प्रमाणपत्रावर तिसरेच होते. आयोग जन्मतारीख आणि नाव यांसाठी दहावीचे प्रमाणपत्र प्रमाण मानतो, म्हणून तेच धरून बाकीचे कागद दुरुस्त करून घ्यावे लागले. त्यात अडीच महिने गेले. हे काम पदवीच्या पहिल्या वर्षातच उरकता आले असते.

भोपाळ, आणि दुपारीच परतीची वाट

पहिली एसएसबी भोपाळला होती. गोवा एक्सप्रेसने एक रात्र आणि दुसरा अख्खा दिवस प्रवास करून ती पोहोचली, आणि तिसऱ्या दिवशी दुपारी तिच्या छातीवरचा क्रमांक परत घेतला गेला. पहिल्या दिवशीच्या छाननीत बुद्धिमत्तेच्या लेखी चाचण्या असतात आणि त्यानंतर चित्रावरील कथा. पडद्यावर अस्पष्ट चित्र तीस सेकंद दाखवतात, चार मिनिटांत त्यावर गोष्ट लिहायची, मग गटात प्रत्येकाने आपली गोष्ट सांगायची आणि शेवटी सगळ्यांनी मिळून एक गोष्ट ठरवायची. तिने एका क्लासच्या टिपणांतून उचललेला साचा वापरला. चित्रात एक माणूस आणि दोन मुले होती. तिने त्याला जिल्हाधिकारी केले आणि गावात शाळा बांधायला लावली. गटातल्या चौघांनी तेच केले होते. आपली गोष्ट तिने व्यवस्थित सांगितली, पण चर्चा सुरू झाल्यावर ती पहिले वाक्य मनात जुळवत राहिली आणि चर्चा संपली.

घरी परतल्यावर शेजारणीने विचारले, “इतल्या बेगीन आयली? कितें जालें?” तिच्या वडिलांनी उत्तर दिले, नापास झाली. त्या दिवशी त्यांना दुसरे काही म्हणता येण्यासारखे नव्हते, हे मान्य केले पाहिजे. तरीही छाननीत गळलेल्या उमेदवाराचे व्यक्तिमत्त्व कोणी तपासून नाकारलेले नसते. तेथपर्यंत गोष्ट पोहोचलेलीच नसते. या टप्प्यावरचा उपाय मर्यादित आणि साधा आहे. आम्ही तो केला. महाविद्यालयातील सहा-सात मुलांना घेऊन आठवड्यातून तीनदा चित्र, चार मिनिटे, आणि मग इंग्रजीतून गोंगाट. तिने एवढेच करायचे होते की पहिल्या मिनिटात काहीतरी बोलायचे, वाक्य मोडके असले तरी.

बेंगळुरूचे पाच दिवस

दुसरे बोलावणे एनसीसी भरतीतून आले, बेंगळुरूचे. या वेळी छाननीत ती सहज निघाली आणि पुढचे चार दिवस राहिली. या दिवसांची रचना समजून घेतल्याशिवाय तिच्या प्रकरणातला मुख्य मुद्दा लक्षात येणार नाही, म्हणून येथे थोडे थांबतो.

उमेदवाराला तीन परीक्षक तीन बाजूंनी पाहतात. सैन्यात यासाठी ‘मनसा, वाचा, कर्मणा’ हा शब्दप्रयोग रूढ आहे. मानसशास्त्रज्ञ लेखी चाचण्यांमधून मन पाहतो. बारा चित्रांवर गोष्टी लिहायच्या असतात आणि त्यांतले शेवटचे चित्र कोरे असते. साठ शब्द दाखवतात, प्रत्येकाला पंधरा सेकंद. साठ प्रसंगांना तीस मिनिटांत उत्तरे द्यायची असतात आणि शेवटी स्वतःचे वर्णन लिहायचे असते. मुलाखत घेणारा अधिकारी वाचा पाहतो, तर मैदानावरचा जीटीओ, म्हणजे गटाची चाचणी घेणारा अधिकारी, दोरी, फळी आणि ओंडका देऊन गटाला अडथळे पार करायला लावतो आणि कृती पाहतो. हे तिघे आपापले मत स्वतंत्रपणे बनवतात आणि शेवटच्या दिवशीच्या कॉन्फरन्समध्येच ती मते एकत्र येतात. त्यामुळे एका ठिकाणी पाठ केलेले सोंग दुसऱ्या ठिकाणी उघडे पडते. ते खोटे असते म्हणून पडत नाही, तर ते इतर दोघांनी पाहिलेल्या माणसाशी जुळत नाही म्हणून पडते.

मुलाखतीपूर्वी उमेदवाराकडून पीआयक्यू नावाचा माहितीचा फॉर्म भरून घेतात: घरची परिस्थिती, शिक्षण, खेळ, छंद, घेतलेल्या जबाबदाऱ्या. मुलाखतीचा बराचसा भाग या फॉर्मवर उभा असतो. तिने छंद म्हणून वाचन लिहिले आणि जबाबदाऱ्यांच्या रकान्यात एनसीसीचे शिबिर. अधिकाऱ्याने गोव्यातल्या खाणींविषयी विचारले तेव्हा तिने पर्यावरण आणि रोजगार अशा दोन्ही बाजू निबंधासारख्या मांडल्या. मग त्यांनी विचारले, तुमच्या घरचा ट्रक बंद झाला तेव्हा घरखर्च कसा चालला? ती म्हणाली, आईवडिलांनी सांभाळले. प्रश्न तेथेच संपला. पाचव्या दिवशी शिफारस झालेल्यांच्या यादीत तिचा क्रमांक नव्हता.

वस्तुस्थिती अशी होती की घर सांभाळण्यात तिचा हात होता. आईच्या स्वयंसाहाय्य गटातील बायका काजूच्या बिया दारात येणाऱ्या व्यापाऱ्याला पडेल त्या भावाने विकत असत. बारावीत असताना या मुलीने त्यांना बिया एकत्र करून सहकारी संस्थेच्या खरेदी केंद्रावर न्यायला लावले. पहिल्याच वर्षी ओल्या बियांवरून दोघींचे कडाक्याचे भांडण झाले, कारण एकीचा माल ओला निघाला आणि वजावट सगळ्यांच्या पैशांतून झाली. पुढच्या वर्षापासून तिने प्रत्येकीचे पोते वेगळे, नाव घालून, घरीच वाळवून आणि वजन करून घ्यायचे ठरवले, पिकअपचे भाडे पोत्यांमागे वाटले आणि हिशेबाची वही स्वतः ठेवली. ती वही चार हंगाम चालली. निवड मंडळ ज्याला पुढाकार, संघटनकौशल्य आणि जबाबदारीची जाणीव म्हणते, ते सगळे त्या वहीत होते, आणि फॉर्मवर मात्र तिचा उल्लेख नव्हता. कारण विचारले तेव्हा ती म्हणाली, “सर, तें घरचें काम.”

मंडळ उमेदवाराला कारणे सांगत नाही, तेव्हा या वहीच्या अनुल्लेखामुळेच ती राहिली असे मी म्हणणार नाही. मैदानावर एका अडथळ्यात तिची फळी दोनदा घसरली होती आणि नंतर ती मागे राहिली, हेही तिनेच सांगितले. पण फॉर्ममध्ये जी मुलगी होती ती कोणत्याही गावची, कोणत्याही घरची असू शकली असती, एवढे मात्र मी खात्रीने सांगू शकतो.

शिफारस, वजन आणि यादी

२०२४ च्या पहिल्या सीडीएसमधून तिसरे बोलावणे आले. या खेपेला फॉर्म भरताना आम्ही दोन संध्याकाळी घालवल्या, आणि त्यातला बहुतेक वेळ इंग्रजी सुधारण्यात नव्हे तर आठवण्यात गेला. मुलाखतीत काजूवरच पंधरा मिनिटे गेली. वजावट कशी ठरते, भांडणात कोणाची बाजू घेतली, आई गटात असताना निःपक्षपाती कशी राहिलीस, असे एकातून एक प्रश्न निघत गेले, आणि प्रत्येकाला तिच्याकडे घडलेले उत्तर होते. पाचव्या दिवशी तिच्या गटातून दोघींची शिफारस झाली, त्यांतली एक ती.

येथून पुढे दोन दरवाजे उरतात, आणि गोव्यातल्या घरांना त्यांची कल्पना नसते. पहिला वैद्यकीय तपासणीचा. तिचे वजन उंचीच्या मानाने जास्त भरले आणि ती तात्पुरती अपात्र ठरली. अशा उमेदवाराला ४२ दिवसांच्या आत अपील मंडळापुढे फेरतपासणी करून घेता येते. ते दिवस घरात चांगलेच तणावाचे गेले. त्याच सुमारास एका सरकारी खात्यातून एलडीसीच्या, म्हणजे कनिष्ठ कारकुनाच्या, जागेचे नियुक्तिपत्र आले होते आणि डिचोलीकडचे एक स्थळही. काकांचे म्हणणे होते की ओटीएतून मिळणारे अल्पकालीन कमिशन, म्हणजे ठरावीक मुदतीचे अधिकारीपद, दहा वर्षांचे, फार तर आणखी चार वाढवून मिळतात, त्यानंतर काय? कायम कमिशनचा मार्ग महिला अधिकाऱ्यांना सर्वोच्च न्यायालयाच्या फेब्रुवारी २०२० च्या निकालाने मोकळा झाला आहे, हे मी त्यांना समजावले. ते ऐकून घेतले गेले, पटले की नाही ठाऊक नाही. निर्णय आईने केला. नोकरी स्वीकारायची, स्थळाला थांबायला सांगायचे आणि रात्रीचा भात बंद. अपील मंडळाने मुलीला पात्र ठरवले.

दुसरा दरवाजा गुणवत्ता यादीचा. एसएसबीची शिफारस ही स्पर्धा नसते. मंडळापुढे एक ठरलेली पातळी असते, एखाद्या गटातून चौघे निघतात आणि एखाद्यातून कोणीच नाही. स्पर्धा त्यानंतर सुरू होते. सीडीएसमध्ये ओटीएच्या यादीसाठी लेखीचे २०० आणि एसएसबीचे २०० गुण मिळवून क्रम लावतात. २०२४ च्या त्या पहिल्या परीक्षेत ओटीएत पुरुषांसाठी २७५ आणि महिलांसाठी १८ जागा होत्या. आदल्या वर्षीप्रमाणे या खेपेलाही ती लेखीत कटऑफच्या थोडी वर होती, कारण लेखी ही केवळ उंबरठा आहे असे आम्ही धरून चाललो होतो. पुरुष उमेदवाराच्या बाबतीत ते एखाद्या वेळी खपून जाते. अठरा जागांत ते खपत नाही. यादी लागली तेव्हा तिचा क्रमांक तीत नव्हता.

माझ्या पहिल्या सल्ल्याचा हिशेब येथे लागतो. एनसीसी भरतीत लेखी परीक्षाच नसल्याने यादी केवळ एसएसबीच्या गुणांवर लागते. महिलांच्या जागा तेथे आणखी कमी, एक आकडी, असतात आणि तिला त्या मिळाल्या असत्या असे कोणी सांगू शकत नाही. पण तिचे बलस्थान एसएसबी होते आणि दुबळी बाजू लेखी. मी तिला दोन वर्षे दुबळ्या बाजूच्या दारात उभे केले आणि बलस्थानाच्या दारातून ती एकदाच, तेही अपुऱ्या तयारीने, गेली. जुन्या बेंगळुरूच्या फॉर्मची प्रत तिने जपून ठेवली आहे. नव्या मुलांना दाखवायला मी ती मागून घेतली.

यादीनंतर गावात पुन्हा तोच शब्द फिरला. या वेळी वडिलांनी तो दुरुस्त केला. “शिफारस झाल्या, मेरिट रावलें,” असे ते आता सांगतात, आणि समोरच्याला कळले नाही तर जागांचे आकडेही सांगतात. मेरिट राहिले तर लेखीचे गुण वाढवायचे असतात, हे कळल्यामुळे घरात आता सामान्य ज्ञानाची पुस्तके त्यांच्याच पैशांनी येतात.

सध्या ती पणजीच्या कार्यालयात नोकरी करते. वाळपईहून सकाळच्या बसने जाते आणि बसमध्ये मिळेल ती जागा धरून प्रश्नसंच सोडवते. सरकारी सेवेत असल्याने आयोगाच्या अर्जासोबत कार्यालयप्रमुखांना लेखी कळवल्याचे हमीपत्र द्यावे लागते. ते तिने रुजू झाल्याच्या पहिल्याच आठवड्यात कळवून टाकले, तेव्हा कार्यालयात थोडी कुजबुज झाली. वयाच्या मर्यादेत तिच्यासाठी सीडीएसची एक आणि एनसीसी भरतीची एक, अशा दोन संधी उरल्या आहेत. दोन्ही अर्ज भरून झाले आहेत. काजूच्या गटाची वही या हंगामापासून धाकट्या चुलत बहिणीकडे दिली आहे.